मास्तरांना नंबर लागतो

आमच्या शेजारच्या मुजावर मास्तरांना कुणी नुसतं "हो" म्हटलेलं चालत नाही. "पाण्याची मोटार बंद केली का?" असं ते कुंपणावरून विचारतात. मी "केली" म्हणतो. मग ते खिशातून वही काढतात आणि पेन उघडून म्हणतात, "नंबर?"

सांगलीत आम्ही हे घर घेतलं त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या दिवशी मी त्यांना माझा मोबाइल नंबर सांगायला लागलो. चार आकडे झाल्यावर त्यांनी हात वर केला. "आवं, दोन आकडी द्या. गाडी खोळंबलीया."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, स्टेशनमास्तर. त्यांचे वडील छोट्या लाईनवर सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारे, होते. मास्तरांची छत्तीस वर्षं मिरज-पुणे लाईनवरच्या लहान स्टेशनांत गेली. तिथं मोठ्या गाड्या थांबत नाहीत. त्या सुखरूप पुढं घालवायच्या, एवढंच काम. गाडी सोडण्याआधी मास्तर गेटमनला फोन करून विचारतो, गेट बंद आहे का? गेटमन "बंद" म्हणतो आणि आपल्याजवळच्या छापील कागदावरचा एक दोन आकडी नंबर सांगतो. मास्तर तो वहीत लिहून घेतो, गेटमन कागदावर त्या नंबरावर काट मारतो. त्या कागदावरचा काट मारलेला नंबर पुन्हा चालत नाही. नंबर नाही तर गाडी नाही.

"कशासाठी म्हणता?" मास्तर सांगतात. "'हो' म्हणायला झोपंतबी येतं. नंबर द्यायला कागद बघावा लागतो. कागद बघायला डोळं उघडावं लागत्यात. समोरचा माणूस जागा हाय, ठिकाणावर हाय, एवढंच आमाला पायजे."

मी एका साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर आहे. ट्रॅक्टरचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन हे सगळं माझ्या डोक्यात राहतं, नको असलं तरी राहतं. त्यामुळं मास्तरांचं आणि माझं जमलं. आमची ही म्हणते, कॉलनीत वेडे दोनच आहेत, आणि भिंतीला भिंत लागून आहेत.

मास्तरांची लेक फलटणला दिली आहे. माहेराहून परत गेली की तिचा फोन येतो, "पोचले, अब्बा. अठरा." जावयाला पहिली दोन वर्षं वाटत होतं की बायको बापाला काहीतरी गुपित कळवते. आणि सिलिंडरवाला दारात उभा राहून ओटीपी मागायला लागला, तेव्हा मास्तर मला हाताला धरून बाहेर घेऊन आले. "बघा, बघा! हा आपलाच नंबर. आमी जल्मभर हेच करत हुतो, तवा सगळी हसायची. आता सगळा देश नंबर देतोय." सिलिंडरवाला बिचारा टाकी खांद्यावर घेऊन ऐकत होता.

पण लाईन बदलली. विजेच्या तारा आल्या, शेजारी दुसरा रूळ पडला, आणि गेटं बंद करून खालून भुयारी रस्ते काढले. गेल्या पावसाळ्यात मी मास्तरांना मोटारसायकलवरून त्यांचं शेवटचं गेट दाखवायला घेऊन गेलो. गेटाच्या जागी खड्डा, खड्ड्यात कमरेएवढं पाणी, आणि पाण्यात एक म्हैस निवांत बसलेली. मास्तरांनी खिशातून वही काढली. मग म्हणाले, "हिच्याकडनं नंबर कसा घ्यायचा?"

आम्ही दोघंही हसलो. 

आता भाभींबद्दल, म्हणजे मास्तरांच्या बायकोबद्दल सांगतो. लग्न झाल्यापासून भाभी या घराच्या गेटमन. दर महिन्याला मास्तर त्यांना एका कागदावर नंबर लिहून देतात. तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला असतो. संध्याकाळी मास्तर बाहेर पडताना दारातून विचारतात, "गॅस बंद?" "बंद." "नंबर?" "त्रेसष्ट." मास्तर वहीत लिहितात, भाभी कागदावर काट मारतात, आणि मास्तर चप्पल घालतात.

"आवं, बायको हाय मी तुमची, गेटमन न्हाई," असं भाभी आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. एकदा भांडण झालं आणि त्यांनी नंबर दिलाच नाही. मास्तर पाऊण तास अंगणात उभे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काय न्हाई. आउटरला थांबलोय." आउटर म्हणजे स्टेशनाबाहेरचा सिग्नल. तो मिळाला नाही की गाडी तिथंच उभी. शेवटी आतून "एकोणतीस!" असा ओरडा आला आणि मास्तर नमाजाला गेले.

दोन वर्षांपूर्वी भाभींनी एकाच भाजीत तीनदा मीठ घातलं. मग आमच्या हिला त्या स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला सांगितले. भाभी नुसत्या हसल्या. मास्तर डॉक्टरांना म्हणाले, "तसं नगा इचारू, साहेब. नंबर इचारा. ती सांगती." आणि त्यांनीच विचारलं, "गॅस बंद?" भाभींनी पर्समधून कागद काढला, नीट बघितला आणि सांगितलं, "चौदा."

डॉक्टर म्हणाले, ही सवय आहे. आजार वाढतच जाणार.

परत येताना रिक्षात मास्तर मला म्हणाले, "वाढू दे. नंबर येतोय तवर लाईन चालू हाय."

तेव्हापासून मास्तर गॅस स्वतःच बंद करतात, रेग्युलेटर काढून कपाटात ठेवतात, आणि मग दारात येऊन विचारतात, "गॅस बंद?" रोज. मी कामावरून आलो की कुंपणाशी उभा राहून ऐकतो. पंचावन्न. आठ. एक्क्याण्णव. रोज आमची ही आतून मला विचारते, "आला का?" मी मान हलवतो, मगच ती चहा ठेवते.

गेल्या सोमवारी सत्तेचाळीस आला. बुधवारीही सत्तेचाळीस आला. मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली असेल. काट्यावर माझी अशी चूक होत नाही, पण तरी वाटलं.

शुक्रवारी मी त्यांच्या घरातच होतो. बाजारात बरोबर जायचं ठरलं होतं. मास्तर दारात उभे राहिले, वही काढली.

"गॅस बंद?"

भाभी कागद घेऊन बसल्या होत्या. कागद उलटा धरला होता. त्यांनी मास्तरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा कागदाकडं.

"बंद," भाभी म्हणाल्या.

"नंबर?"

 मास्तरांचं पेन वहीवर टेकलेलं होतं.

"सत्तेचाळीस."

वही मला दिसत होती. सोमवारी सत्तेचाळीस, बुधवारी सत्तेचाळीस. मधल्या मंगळवारी आणि गुरुवारी नुसती रेघ. या दोन दिवशी नंबर आलाच नव्हता. त्या दोन्ही दिवशी मला घरी यायला उशीर झाला होता. मास्तरांनी काही सांगितलं नव्हतं.

वापरलेला नंबर छत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही घेतला नव्हता. एकदा एका गेटमननं चुकून दिला, तर त्यांनी सिग्नल सोडला नव्हता. साहेबांचा फोन आला तरी सोडला नव्हता.

मास्तरांनी शुक्रवारच्या ओळीत सावकाश लिहिलं, सत्तेचाळीस. वही मिटली.

"बरोबर," ते मोठ्यानं म्हणाले. "लाईन क्लियर."

भाभी पोरीसारख्या हसल्या. "मग जावा की. गाडी खोळंबलीया."

मास्तर बाहेर आले, चप्पल घातली, आणि दारातून दिसणार नाही अशा बेतानं पायरीवर बसले.

मी हळूच म्हणालो, "मास्तर, बाजार?"

"तुमी जावा," ते म्हणाले. "मी आउटरला हाय."

मी त्यांच्याशेजारी बसलो. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "सत्तेचाळीस."

"बरोबर," मास्तर म्हणाले.

पुन्हा आला, "सत्तेचाळीस."

"बरोबर."

मी घरी जायला उठलो तोपर्यंत भाभींनी नऊ वेळा सांगितलं होतं. नऊही वेळा मास्तरांनी उत्तर दिलं होतं.