शेवाळेसाहेबांचे नऊ साक्षीदार

आमच्या समोरच्या दाराची बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "नाव, वय, धंदा?"

तिन्हींची उत्तरं दिल्याशिवाय दार उघडत नसे. मी सोसायटीची सेक्रेटरी. दर महिन्याला नोटिशीवर सही घ्यायला मला तिथे जावंच लागायचं, त्यामुळे माझं वय आमच्या अख्ख्या जिन्याला पाठ झालं होतं. एका वर्षी मी दोन वर्षं कमी सांगून पाहिली. आतून आवाज आला, "गेल्या जबाबाशी विसंगत."

हे शेवाळेसाहेब. सरकारी वकील. मूळचे साताऱ्याकडचे, एकटे. ठाण्यात खोपटला आमच्या इमारतीत राहायला आले तेव्हा कल्याणच्या कोर्टात सहायक होते. मटक्याचे अड्डे, मंगळसूत्रचोर, दारू पिऊन केलेल्या मारामाऱ्या, असा किरकोळ माल. सात-आठ वर्षांनी बढती मिळून ठाण्याच्या सेशन्स कोर्टात आले आणि खून-दरोडे चालवू लागले. बढती मिळाली की माणूस निवळतो म्हणतात. यांच्या चौकशा वाढल्या.

"पाहिलंत की ऐकलंत?" हा त्यांचा लाडका प्रश्न. जिन्यात कुणी म्हणालं, "उद्या पाणी येणार नाही म्हणे," की साहेब थांबलेच. "पाहिलंत की ऐकलंत?" तळमजल्यावरचे नेने एकदा वैतागून म्हणाले, "अहो, उद्याचं पाणी मी आज कसं पाहणार?" साहेबांनी मान डोलावली. "म्हणजे ऐकीव. सोडून द्या." दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. साहेब सोडून सगळ्यांनी बादल्या भरलेल्या होत्या.

लग्नाचा योगही असाच हुकला. डोंबिवलीला मुलगी पाहायला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, साहेबांनी विचारायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने मुलीचे वडील म्हणाले, "आम्ही वकील करू का?" ही हकिकत साहेबांनी स्वतःच मला सांगितली, म्हणजे ऐकीव नाही.

नव्वद साल उलटल्यावरची गोष्ट. एका संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली. मी वाटाणे सोलत होते. मनात काय आलं कोण जाणे, बसल्या जागेवरून ओरडले, "नाव, वय, धंदा?"

बाहेरून शांतपणे उत्तर आलं, "दिनकर शेवाळे. वय एक्कावन्न. धंदा, जिल्हा सरकारी वकील."

मी वाटाण्यांसकट उठले. दारात साहेब बढतीची ऑर्डर हातात धरून उभे. "आधी वाचा," म्हणाले, "मग अभिनंदन करा."

पाच मिनिटांत जिना भरला. आमच्या इमारतीतून याआधी कुणी जिल्ह्याचं काही झालं नव्हतं. नेने तर अशा थाटात सगळ्यांना सांगत होते की जणू ऑर्डर त्यांनीच टाईप केलीय. रविवारी गच्चीवर सत्कार ठरला आणि मी रात्रीच यादी केली. शाल, नारळ, हार, खुर्च्या साठ, जिलबी, मठ्ठा, भाषणं फक्त दोन. प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचं नाव. शेवटचं कलम, साहेबांकडची माणसं.

सकाळी विचारायला गेले. "कोर्टातले किती?"

"कोर्टातले नकोत. त्यांना रोज बघतो."

"नातेवाईक?"

"रेकॉर्डवर नाहीत." मग आत जाऊन त्यांनी एक कागद आणला. नऊ नावं. हिराबाई, बाळकुम. गणपत, मानपाडा. एक खोपटच्या एसटी डेपोतला कंडक्टर. एक कल्याणची शिंपीण. आणखी पाच.

"हे कोण हो?"

"माझे साक्षीदार. यांना धमक्या आल्या, घरावर दगड पडले. तरी फितूर झाले नाहीत. कोर्टात उभं राहून जे पाहिलं ते बोलले. सामंतबाई, कल्याणहून ठाणे आणि ठाण्याहून ही खुर्ची, माझी प्रत्येक पायरी यांच्यातल्या कुणाच्या तरी जबाबावर उभी आहे."

मी कागद यादीला टाचला. साहेब दारातच घुटमळले.

"समन्स नसताना माणसं येतात का हो?"

"म्हणजे काय? लग्नाला नाही का येत?"

"ते लग्नाचं झालं. मला आजवर जो भेटायला आला तो समन्सवर आला." मग घाईने म्हणाले, "पत्रं मीच लिहितो. मजकुराची मला सवय आहे."

इथे मी चुकले. मजकूर तपासायला हवा होता.

रविवारी अकराला गच्ची भरली. पुढच्या रांगेत मी नऊ खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. त्या रिकाम्या. सव्वाअकरा झाले. साहेब कोऱ्या शर्टात, कधी खुर्च्यांकडे तर कधी घड्याळाकडे बघत. नेने शाल घेऊन पुढे झाले तर म्हणाले, "जरा थांबू." साडेअकराला मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाही येणार. स्वाभाविक आहे. कोर्टाची आठवण कुणाला हवी असते? उरका तुम्ही."

मठ्ठ्याचा बर्फ आला का बघायला मी तरातरा खाली उतरले. तळमजल्याच्या पायऱ्यांवर नऊ माणसं ओळीने बसली होती. गप्प, हातात पोस्टकार्डं. वर जाणाऱ्यांना ती आचाऱ्याची माणसं वाटली असावीत. पुढे अंबाड्यात अबोली माळलेली एक कोळीण.

"तुम्ही हिराबाई का? अहो, वर का नाही आलात?"

"पुकारा कुटं झाला?" हिराबाई म्हणाली. "आमी धा वाजल्यापासून हाव. नाव पुकारल्याबिगर साक्षीदार आत जातो काय?"

मी तिच्या हातातलं कार्ड वाचलं. 'रविवारी सकाळी ठीक अकरा वाजता गच्चीवर जातीने हजर राहावे. कसूर करू नये.' खाली सही, शेवाळे.

चार मजले मी कशी चढले ते आठवत नाही. साहेबांना सांगितलं. ते कठड्याशी गेले, खाली वाकले आणि कोर्टातला शिपाई पुकारतो तसं एकेक नाव तीन-तीनदा पुकारलं. शेजारच्या एसटी डेपोतल्या लोकांनीही माना वर केल्या.

नऊ जण वर आले आणि भिंतीशी रांगेत उभे राहिले.

"साहेब, मी तवाच सगला सांगलाय," हिराबाई म्हणाली. "आता काय रायलाय?"

"काही नाही. आज काहीच सांगायचं नाही. मला बढती मिळाली. म्हणून जेवायला बोलावलं."

"जेवायला?" तिने कार्डाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "आवं, मंग ह्यो कागुद कशाला? दोन राती डोला लागला नाय माजा. नुसता ये बोलला असता तरी आले असते."

ती खुर्चीत बसली आणि पदराने वारा घेऊ लागली. साहेब मात्र तिथेच उभे होते. मग ते कंडक्टरकडे वळले.

"तुम्हीही आला असता? नुसतं ये म्हटलं असतं तर?"

"म्हणजे काय साहेब."

मग गणपतला. मग शिंपिणीला. प्रत्येक जण हो म्हणत होता. जिलबी निवत होती, नेने शाल धरून ताटकळले होते. मी यादी हातात घेऊन उभी होते, पण कुणालाच घाई करावीशी वाटेना. नऊही जणांना विचारून झालं, तेव्हा साहेब पुन्हा हिराबाईसमोर आले. शेजारची एक खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी हळूच विचारलं, "पुढच्या रविवारी काय करताय?"