बुधावरचा बर्फ आणि महादप्पा मास्तर

आमच्या शेजारचे महादप्पा मास्तर उन्हाळ्यात एका जागी दहा मिनिटं बसत नाहीत. हातात खडू घेऊन घरभर हिंडतात आणि उन्हाची कड जिथं पोचेल तिथं फरशीवर रेघ ओढतात. सोनपेठेत आलेला पाहुणा मला हळूच विचारतो, "घर विकायलेत का?"

विकत नाहीत, वाचवायलेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गंगाबाईंना भोवळ आली, तर लेकानं आईला पुण्याला नेलं. "घर गार करा, मग पाठवतो," म्हणाला. तेव्हापासून मास्तर ऊन कधीच न शिवलेला कोपरा शोधायलेत.

"कूलर घ्या की," मी म्हटलं.

"लाईट गेल्यावर? वैनी, बुध सूर्याच्या पार जवळ हाय. दिवसा तिथं शिसं वितळंल. तरी ध्रुवावरच्या खड्ड्यांत बर्फ हाय."

"कुणी नेऊन टाकला?"

"तिथं ऊन लय तिरपं. खड्ड्याच्या तळाला उतरतच न्हाई. अन् हवाबी न्हाई, मग शेजारची धग आणणार कोण?"

हवेचं मला पटतं. नवी नवरी असताना बर्फाला उकडेल म्हणून मी तो पंख्याखाली ठेवला होता. सासूबाईंना सरबतात घालायला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. अशी हुशार सून त्यांना पुन्हा मिळाली नाही.

"पण मास्तर, इथं हवा हाय की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडक्यांना पोती ठोकली. कपाट तीनदा हलवलं, बाज किती वेळा ते मोजायचं मी सोडून दिलं. अखेर कोपरा सापडला. लेकाला फोन गेला, गंगाबाई आल्या.

मी भेटायला गेले तेव्हा गंगाबाई अंधारात बाजेवर बसल्या होत्या. मास्तर समोर येरझारा घालत होते.

"गार हाय ना?"

"हाय. बुधावर माणसं राहत्यात का हो?"

"न्हाई."

"मला वाटलंच." त्या उठल्या आणि खिडकीचं पोतं ओढून काढलं. "गार तर पुण्यातबी होतं. तिथं रस्ता दिसंना, कुणाचा आवाज येईना, म्हणून आले."

चारचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर आलं. मास्तर बाहेर गेले आणि खिडकीसमोर उन्हाला पाठ करून उभे राहिले.

"आता रस्ता कुठं दिसायलाय? तुमीच दिसायलात."

"मग मलाच बघ."

ऊन सरकेल तसे ते टीचभर सरकत होते. त्यांचा चहा मी खिडकीच्या गजांतून बाहेर दिला.