निलगिरीचं खत

आमच्या उंब्रजला सुभेदार आबांच्या दारावरून जाणाऱ्या माणसाला ओंजळभर खत हुंगल्याशिवाय पुढे जाता येत नसे.

"घे वास. अजून औषधाचा येतोय का?"

"येतोय आबा."

"मग शत्रू जिता हाय," म्हणत आबा फावड्याने ढीग पुन्हा उलथायला लागत. गल्लीत कोणाला सर्दी झाली, की बायका पोरांना सरळ त्या ढिगाजवळ उभं करून येत.

आबा नव्वद सालानंतर फौजेतून निवृत्त होऊन आले. नोकरीत असताना एका सुट्टीत त्यांनी परसाच्या बांधावर निलगिरीची रांग लावली होती. झाडं ताडमाड वाढली. पण त्यांच्या पाल्याखाली गवताची काडी उगवेना. आल्या आल्या आबांनी झाडं तोडली. पाल्याचा मात्र डोंगर उरला. शेजारी म्हणाले, पेटवून द्या. आबांचा हुकूम वेगळा होता. "ज्यानं जमीन नासवली, त्यानंच ती सुदरायची."

"आवं आबा, इख कुजवून कुठं खत व्हतं व्हय?" मी म्हणालो.

"व्हतं. त्येला येळ द्यावा लागतो."

पहिल्या खेपेला वेळ त्यांनीच दिला नाही. अर्धवट कुजलेलं खत वांग्यांना घातलं आणि वांगी पिवळी पडून माना टाकून बसली. गाव हसलं. आबांनी मिशीला पीळ दिला, पाला बारीक तोडला, शेणकाला ओतला आणि पुन्हा रचला. रोज ढिगात हात घालून आत बायकोला सांगायचे, "ताप हाय अजून." हौसाकाकी म्हणायची, "माज्या कपाळाला कदी हात लावला न्हाई ह्या मानसानं."

पुढच्या उन्हाळ्यात खत काळंभोर, भुसभुशीत झालं. आबांनी ते घमेल्यात भरून मेथी टाकली. आठवड्यात घमेलं हिरवंगार. ते डोक्यावर घेऊन आबा चावडीपर्यंत गेले. हसलेल्या प्रत्येकाच्या दारात थांबले.

मग खताला मागणी आली. मीही घेवड्यासाठी पाटीभर मागितलं. आबांनी कोणालाच दिलं नाही. सगळं खत बांधालगतच्या एका पट्ट्यात मिसळून तिथे झेंडू लावला.

"फुलांना एवढं खत?" मी विचारलं.

आबांनी एका रोपाच्या बुडाशी माती ओढली. "हितं तुज्या काकीची फुलबाग व्हती. मी सुट्टीला यायचो, झाडं किती वाढली त्ये बगायचो. बाग कवा गेली, बगितलंच न्हाई. दसऱ्याला ती दुसऱ्याच्या दारात फुलं मागायला जायची. मला कदी बोलली न्हाई."

त्या दसऱ्याला पट्टा केशरी झाला होता. सकाळपासून गल्लीतल्या बायका सुभेदारांच्या परसात जमल्या. काकी एकेकीची ओटी झेंडूनं भरत होती. "आनखी घे की गं. लय हायती."

आबा आतल्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, तेवढंच ऐकत बसले होते.