एकवीस टक्

गाडीचे मागचे ड्रम ब्रेक घरच्या घरी अ‍ॅडजस्ट करायचे असं मी ठरवलं, ते गाडीसाठी नव्हे, शेजाऱ्यासाठी. खोटं कशाला सांगू? मी जळत होतो.

शेजारी म्हणजे अश्वजीत. विजय नगरात आमच्या उजवीकडचं घर त्याचं. वय माझ्याएवढंच, पण पोट नाही. (आमच्या ऑफिसात पोट हे सीनिऑरिटीचं लक्षण मानतात, पण माझी बायको विनता आमच्या ऑफिसात नाही.) विनताच्या बहिणीने, राजश्रीने, तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे घर बांधलं होतं. रविवारी वास्तुशांत. बोलावणं आम्हालाही होतं आणि अश्वजीत व त्याची बायको क्षमा यांनाही. शनिवारी सकाळी माझ्यापुढे चहा ठेवता ठेवता विनता म्हणाली, "उद्या मी अश्वजीतभाऊजींच्या गाडीत जाईन म्हणते."

"काहून? आपल्या गाडीले काय झालं?"

"ब्रेक दाबला की ती आधी विचार करते, मग थांबते. पुलाच्या उतारावर एवढा विचार मला चालणार नाही. भाऊजी पाहा, सकाळपासून त्यांच्या गाडीचे ब्रेक स्वतः करून राहिले!"

मी खिडकीतून पाहिलं. अश्वजीत गाडी जॅकवर चढवून चाकाआड आडवा झाला होता. शेजारी स्टुलावर चहाचा कप. कप आमचा! मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं हुंगलं. आल्याचा वास. माझ्या चहात आलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, मेकॅनिककडे जायचं. मेकॅनिकने गाडीचे ब्रेक नीट केले असते, माझं काय केलं असतं? विनता उद्या माझ्या शेजारच्या सीटवर बसली पाहिजे आणि मी स्वतः कसलेल्या ब्रेकवर बसली पाहिजे, एवढीच माझी इच्छा होती. अश्वजीतला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मी ऑफिसची डायरी घेतली, धुतलेले कपडे घेतले आणि गच्चीवर गेलो.

"अरे वा, आज कपडे वाळत घालून राहिले?" विनताने खालून विचारलं.

(एकच टॉवेल मी चार वेळा वाळत घातला.)

वरून सगळं स्पष्ट दिसत होतं. चाकामागच्या पत्र्याला एक रबरी बूच असतं. ते त्याने काढलं, त्या भोकात पेचकस घातला आणि आतलं एक दातेरी चाक वरून खाली सरकवायला लागला. दर दाताला 'टक्' असा आवाज. चोवीस वर्षं मी कारकुनी केली आहे; आवाज ऐकला की आधी मोजतो. एकवीस टक्! लिहून घेतलं. पलीकडचं चाक भिंतीच्या बाजूला होतं, ते दिसलं नाही. पण दुसऱ्या चाकाला वेगळा नियम कशाला असेल?

दुपारी विनता सराफ्यात राजश्रीसाठी चांदीचा दिवा आणायला गेली आणि मी कामाला लागलो. पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावला, बूच काढलं. उजवीकडे वरून खाली एकवीस टक्. डावीकडेही वरून खाली एकवीस टक्. दोघांना समान न्याय. कोपरं सोलली, कपाळाला काळं लागलं. ते मी मुद्दाम पुसलं नाही.

विनता रिक्षातून उतरली तेव्हा मी स्टिअरिंगवर होतो. "ब्रेक केले," मी म्हणालो. शक्य तितकं सहज.

"तुम्ही?"

"त्यात काय एवढं!"

गाडी फाटकातून निघाली ती कण्हतच. मागून काहीतरी करपल्याचा वास यायला लागला. मी घाबरून ब्रेक दाबला. गाडीने उजवीकडे वळण घेतलं, मी स्टिअरिंग डावीकडे ओढतोय तरी घेतलं, आणि म्हशीच्या चालीने जाऊन अश्वजीतच्या फाटकाला ढुशी दिली. माझ्या घरात त्याची ओढ नसलेलं आता कोणीच उरलं नव्हतं.

"गाडी हुशार आहे," विनता म्हणाली. "बरोबर पत्त्यावर गेली."

अश्वजीत बाहेर आला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसत चाकापाशी बसला. "उजवं चाक जाम, डावं पार ढिलं! भाऊ, दोन्हीकडचा तो दातेरी स्टार एकमेकांच्या उलटा फिरते ना. आन् किती फिरवलं?"

"एकवीस टक्."

"एकवीसच काहून? टक् मोजत नसतात. चाक हातानं फिरवून पाहा लागते, जरासं घासलं की थांबायचं."

गाडी आदळताना सीटवरची डायरी खाली पडली होती, ती विनताने दार उघडून उचलली आणि चाळली. मी "ऑफिसचं आहे, कॉन्फिडेन्शियल आहे," म्हणेपर्यंत तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती.

"'सात चाळीस. उजवे चाक. एकवीस टक्. बनियन नवे. काम करताना गुणगुणतो, सूर बरा. केस काळे, बहुधा रंगवलेले. आठ पाच. विनता कप परत आणायला गेली. दोनदा हसली. दुसऱ्यांदा कारण नसताना.'"

अश्वजीतने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "रंगवतो भाऊ. खरं आहे." मग त्याने अर्ध्या तासात दोन्ही चाकं नीट केली. मी पाना धरून उभा होतो. विनता चहा घेऊन आली. आलं होतं. दोन कप होते: एक त्याचा, एक तिचा.

रविवारी सकाळी मात्र माझा जीव भांड्यात पडला. विनता नवी साडी नेसून सरळ आमच्या गाडीत जाऊन बसली. पुढे! माझ्या शेजारच्या सीटवर! मी ऐटीत ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आत अश्वजीत बसला होता.

"भाऊजींनी ब्रेक केले ना," विनता म्हणाली, "तर ट्रायलही तेच घेतील. तुम्ही क्षमाच्या गाडीत या. ती मस्त चालवते."

मी मुकाट्याने पलीकडे गेलो आणि क्षमाच्या शेजारचं दार उघडायला हात घातला.

"भाऊजी, मागे बसा हं," क्षमा म्हणाली. "पुढे लोणच्याची बरणी आहे. तिला बेल्ट लावून झाला."