चूल हलत न्हाई

आमच्या दिगूमामाला अनोळखी माणूस भेटला की तो नाव विचारत नाही. "तुम्ही कोणत्या बाजूचे?" असं विचारतो. मध्यंतरी नवीन जालन्यात बँकेत त्यानं कॅशियरलाच विचारलं. निवडणुकीचे दिवस. बिचाऱ्यानं काचेमागून हात जोडले, "काका, आपण सगळ्यांचेच." रांगेत माझे साहेब उभे होते. मी पासबुकात तोंड खुपसलं.

मामाला पक्षाबिक्षाशी काही देणंघेणं नाही. त्याची बाजू एका बेटाबद्दल आहे. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रीयुनियन नावाचं बेट आहे, त्यावर जिवंत ज्वालामुखी आहे. ते बेट झालं कसं, यावर शास्त्रज्ञांचं भांडण आहे. एक बाजू म्हणते, पृथ्वीच्या पोटातून तापलेल्या खडकाचा एक खांब तिथं वर येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपली जमीन त्याच्यावर होती, तेव्हा त्यातूनच आपला हा काळा दगड ओतला गेला. मग जमीन उत्तरेला सरकली आणि त्याच खांबावर नंतर हे बेट उगवलं. दुसरी बाजू म्हणते, खांब वगैरे सब झूट. जमिनीला भेगा पडल्या आणि खालचं वर आलं.

मामा पहिल्या बाजूचा, आणि कट्टर. पाण्याच्या सर्व्हेत नोकरी करून तो जन्मभर घनसावंगीकडं विहिरींच्या जागा दाखवत हिंडला. भरल्या जीपमध्ये शेजारच्याच्या मांडीवर दगड ठेवायचा आणि सुरू व्हायचा, "ते बेट म्हंजे चूल. आपली जमीन म्हंजे तवा. चूल हलत न्हाई, बिलकुल न्हाई. तवा सरकून राह्यला." मी सोबत असलो की मलाही तेच वेड असल्यासारखे लोक माझ्याकडं बघायचे. मी खिडकीबाहेरची कपाशी बघायचो.

हेच तो घरातही बोलायचा. तिथं मात्र कुणाला हसू यायचं नाही. मामी लवकर गेली. एकुलत्या एका लेकीनं, नंदानं, पुण्यात स्वतःच्या मनानं लग्न केलं, परजातीत. मामा लग्नाला गेला नाही. नंदाचं येणं बंद झालं. विषय निघाला की मामा म्हणायचा, "सरकली ती. मी हाये तिथंच हाये. यायचं तर तिनं यावं."

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं बारसं होतं. आईनं आपल्या भावाला न सांगता नंदाला बोलावलं, आणि नंदा नवऱ्यासकट आली. जावई पाया पडायला वाकला, तर मामा वरून विचारतो, "तुम्ही कोणत्या बाजूचे?"

पाळण्याभोवतीच्या बायका वळून बघू लागल्या. भर बारशात हा जावयाची जात काढतोय असंच सगळ्यांना वाटलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"नंदाच्या," जावई म्हणाला.

मामा गडबडला. "तसं न्हाई हो. मी बेटाचं इचारून राह्यलो."

"बाबा," नंदा म्हणाली, "चूलबी सरकते म्हणतात आता."

"कोण म्हणतं?"

"तुमच्याच बाजूचे."

म्हणजे पुण्यात बसून ही पोरगी त्या बेटाचं वाचत होती. मामाचा हात वाद घालायला वर गेला आणि तसाच खाली आला.

"बराबर हाये," तो म्हणाला. "सरकते. मला कवाचं ठाऊक हाये. कबूल करायची लाज वाटून राह्यल्ती."

आणि तो थेट स्वयंपाकघरात शिरला. आई ओटीचं ताट मांडत होती. मी दारातच होतो.

"आक्का, नंदीची ओटी भरायची ऱ्हायली. लग्न झाल्यापासून कुणी भरलीच न्हाई. माह्या घरी बाईमाणूस न्हाई." त्याची मान खाली होती. "मी भरली तर चालंल का? अन् तिनं घेतली न्हाई तर मंग?"

आईला उत्तर द्यावं लागलं नाही. नंदा माझ्या मागं येऊन उभी होती. ती पुढं झाली आणि तिनं पदर पसरला.

मामानं नारळ ठेवला. मग ओंजळीत गहू घेतले, पण पदरात टाकता टाकता निम्मे फरशीवर सांडले. ते वेचायला तो खाली बसला. मग नंदाही त्याच्याशेजारी बसून गहू वेचू लागली.