हिराबाय शिष्टीम टाकते

आमच्या इमारतीत नवीन कुणी राहायला आलं की लोक त्यांना विचारतात, गाव कुठलं, दूध कुणाकडून लावलंत, कामाला बाई हवी का. हिराबाय विचारते, "कंप्युटरची शिष्टीम कवा टाकलीस शेवटची?"

समोरचा माणूस लिफ्टमध्ये उभा असतो, काखेत गादीची वळकटी, कपाळाला घाम. त्याच्यापुढे बहात्तर वर्षांची, लुगडं घट्ट कासून नेसलेली, ठेंगणी, काळीसावळी म्हातारी. तो बिचारा म्हणतो, "आजी, चालतोय की आमचा कॉम्प्युटर." हिराबाय मान हलवते. "चालतंय म्हंजे बरा हाय असा नाय. म्हातारी मानसा पन चालतान." मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजते आणि तारीख देऊन टाकते. "सनवारी उदान हाय. सनवारी येतंय मी."

उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. तिचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, हे मी तिला पहिल्याच वर्षी विचारलेलं. हिराबायचं माहेर ठाण्याच्या खाडीकडचं, मिठागरावरचं. तिथं उधाणाच्या दिवशी बांध उघडून खाडीचं नवं पाणी आत घ्यायचं. तेव्हा ती मला म्हणाली, "जुन्या पान्यावर जुना पानी चढवत बसलीस तं मीठ काला येतं. एकदा सगला सोडून द्यावा. तला साफ करावा. मंग नवा पानी." तीच तिची ऑपरेटिंग सिस्टिमची थिअरी. वर्षातून एकदा सगळं पुसायचं, नव्यानं टाकायचं, मशीन स्थिर राहतं. तुम्ही हसाल, पण आमच्या इमारतीतली मशिनं राहिली हो स्थिर!

आता ही बाई ह्यात पडली कशी, ते सांगते. कोपरच्या ह्या जागेवर पूर्वी तिच्या सासऱ्यांचं भात पिकायचं, आता सात मजले माणसं पिकतात. खालच्या एका गाळ्यात तिनं कॉम्प्युटर क्लासला जागा दिलेली. दुपारी करमायचं नाही म्हणून सुपात वाल घेऊन ती मागच्या बाकावर जाऊन बसायची. क्लासचे सर सज्जन. जागेच्या मालकिणीला ऊठ कसं म्हणणार? तर ती तीन वर्षं बसली. वाल सोलून झाले की फळ्याकडे बघायची. तिसऱ्या वर्षी एका दुपारी सरांचं मशीन अडलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आदी एफ बारा दाब, मंग पेनड्राइव निवड." सरांनी दाबलं, आणि मशीन चालू झालं. पुढे लोकांच्या हातात फोन आले, क्लास ओस पडला, सर कल्याणला गेले. जाताना म्हणाले, "मावशी, माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत तुम्हीच पूर्ण कोर्स केलात."

तिचे तिन्ही मुलगे ह्याच इमारतीत राहतात. पाचवा, सहावा, सातवा मजला. ही पहिल्यावर, तीन खोल्यांत एकटी. जेवण वरून येतं. म्हणजे सून डबा लिफ्टमध्ये ठेवते आणि एक नंबरचं बटण दाबते. दार उघडतं, आत माणूस नाही, नुसता चार पुडांचा डबा उभा. एकदा मधेच दुसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांनी लिफ्ट थांबवली आणि डबा बघून ते जिन्यानं उतरले. हिराबाय हे सांगून खूप हसायची. मीही हसायचे.

हिराबाय घरी शिष्टीम टाकायला आली की तिचे नियम असत. पहिला नियम, घरातली झाडून सगळी माणसं हवीत. "मशीन सगल्यांचा, तं पुसताना सगल्यांनी बसावा." मग एकेक फाइल उघडून विचारणार, ठेवायचा का सोडायचा? चौथ्या मजल्यावरचे देवधर ठाण्याला कोर्टात कारकून होते. त्यांच्याकडे 'जुनी बिले' नावाचा एक फोल्डर निघाला. देवधर म्हणाले, तो राहू द्या, त्यात काही नाही. हिराबायनं तोवर उघडलाच होता. आत शेहेचाळीस पत्रं. सगळी आयुक्तांना, सगळी रस्त्यावरच्या उघड्या गटाराबद्दल, सगळी 'महोदय, अत्यंत खेदाने' अशी सुरू होणारी, आणि त्यातलं एकही पाठवलेलं नाही.

"अहो," देवधरवहिनी म्हणाल्या, "आणि मी बारा वर्षं दुपारी टीव्हीचा आवाज बारीक ठेवते, तुमचं महत्त्वाचं काम चालतं म्हणून!"

हिराबाय हसली नाही. "पाठव, नायतर सोड. मदी ठेवू नको," म्हणाली. देवधरांनी एक पाठवलं, पंचेचाळीस सोडली. गटार अजून उघडंच आहे, पण देवधर आता दुपारी झोपतात.

दुसरा नियम, एकदा ते टक्के पळायला लागले की कुणी उठायचं नाही. पडद्यावर लिहून येतं ना, संगणक बंद करू नका म्हणून, ते हिराबायला वडीलधाऱ्यानं सांगितल्यासारखं वाटतं. चहा आधीच करून थर्मासमध्ये ठेवायचा. फोन आला तर वाजू द्यायचा.

आणि मग, तुम्हाला काय सांगू, घरात एक वेगळीच दुपार उतरायची.

पंखा फिरतोय. खाडीकडून वारा येतोय, खिडकीचा पडदा पोटात वारा भरून घेतो आणि सोडतो. पडद्यावर अठ्ठावीस टक्के. ते अठ्ठावीस इतका वेळ अठ्ठावीसच राहतात की आपण कशाची वाट बघतोय हेच विसरायला होतं. हिराबाय जमिनीवर पाय पसरून बसलेली, नजर त्या निळ्या उजेडावर. आणि हळूहळू बोलायला लागते, आपल्याशीच बोलल्यासारखी. वाफ्यातलं पाणी कसं दिवसेंदिवस जड होतं. कसं ते आधी आरशासारखं असतं, बगळा उतरला तर दोन बगळे दिसतात. मग एका दुपारी वारा पडतो आणि पाण्यावर साय धरते, दुधावर धरते तशी, पण चमचमणारी. त्या वेळी पाण्यात पाय घालायचा नाही, मोठ्यानं ओरडायचं नाही. बायका, बापये, पोरं, सगळी बांधावर ओळीनं बसून असायची. मीठ बसायची वाट बघत. "तवा काम काय नसायचा गो. नुसता बसाचा. पन सगली बसाची."

तिच्या त्या आवाजात आम्ही अर्धवट झोपेत गेल्यासारखे व्हायचो. एकतीस टक्के. अंगावर ऊन सरकत यायचं. खोलीत मिठाचा वास आहे असं मला खरंच वाटायचं. आणि अशा वेळी माणसं काय काय बोलून जातात! आमचे हे टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं होते, घरात तारेइतकं बोलतात. एका वर्षी चौसष्ट टक्क्यांवर असताना पडद्याकडे बघतच म्हणाले, "मला लहानपणी वाटायचं, दीपगृहात नोकरी मिळावी."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. मला हे ठाऊक नव्हतं.

"कुणी बोलायला नको म्हणून ना?" मी म्हटलं.

"छे. दिवा लावायला."

हिराबाय म्हणाली, "बरा काम हाय ते." मग पासष्ट झाले.

चार तासांनी शंभर व्हायचे. कुणालाच उठावंसं वाटायचं नाही.

ह्या सगळ्याला नाट लागला तो माझ्यामुळे. माझी सून केतकी ठाण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती एकदा नेमकी उधाणाच्या शनिवारी आली आणि तासभर बसून माझ्या कानात म्हणाली, "आई, हे पाऊण तासाचं काम आहे. आजींचा पेनड्राइव्ह किती जुना आहे बघा, बैलगाडीतून फाइली आणतोय तो. आणि दर वर्षी सगळं पुसायची गरजच नसते हो. अपडेट्स आपोआप येतात, तेवढे होऊ द्यायचे." तिनं मला सगळं नीट लिहूनही पाठवलं. मी काय केलं? सुनेचं कौतुक म्हणून इमारतीच्या ग्रुपवर टाकलं. खाली अंगठ्यांची रांग लागली.

मोठी माणसंही किती पटकन निर्णय घेतात बघा. पुढच्या उधाणाला हिराबाय देवधरांकडे गेली तर देवधर दारातूनच म्हणाले, "आता आपोआप होतं हो आजी. तुम्हाला कशाला त्रास?" तिसऱ्या मजल्यावर तेच. सहाव्यावर, खुद्द तिच्या मधल्या मुलाकडे, नातसून म्हणाली, "आजी, आम्ही बाहेर चाललोय." प्रत्येक दारात हिराबाय म्हणायची, "बरा झाला. तुमचा वेल वाचला."

मग उधाणाच्या दिवशी ती खाली लिफ्टसमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आता ती काहीच विचारत नसे. कमरेला पेनड्राइव्हची पिशवी, तिच्यावर हात ठेवून नुसती बसलेली. मला एकदा म्हणाली, "तुजा मशीन कसा हाय?"

"बरं आहे हिराबाय."

"बरा हाय तं बरा."

'बिघडलंय' म्हणावंसं वाटलं. पण मशीन खरंच बरं होतं, आणि खोटं बोलले असते तर तिनं एका नजरेत पकडलं असतं. ती मशिनाला हात लावून सांगते हो, ताप बघावा तसं.

आणि दोन महिन्यांनी ते खरंच बिघडलं. आमच्या ह्यांना सवय आहे, बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करायची. भिंतीवरच्या घड्याळालाही बटण असतं तर त्यांनी बंद केलं असतं. आत मशीन आपोआप अपडेट होत होतं, ह्यांनी मेन स्विच पाडला आणि फिरायला गेले. परत येऊन लावलं तर पडद्यावर नुसते ठिपके गोल गोल फिरतायत. दिवसभर फिरत होते.

केतकीला फोन केला. "रविवारी येते, सगळं नव्यानं टाकू," म्हणाली. आणि मी खाली जाऊन हिराबायला म्हटलं, "रविवारी या. केतकी टाकणार आहे, पण तुम्ही बसा."

"उदान नाय रविवारी," ती म्हणाली. पण आली. केस चापूनचोपून बांधलेले, लुगडं नवं, हातात तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या, चार तासांच्या हिशोबानं.

केतकीनं आपला पेनड्राइव्ह लावला. चमकदार, नखाएवढा. टक्के पळायला लागले. हिराबाय जमिनीवर बसली, पाय पसरले, निळ्या उजेडाकडे बघून जरा शांत झाली आणि तिनं आईची गोष्ट काढली. ही मी कधीच ऐकली नव्हती. तिची आई एकदा बांधावर बाज टाकून झोपलेली. थकलेली, गाढ. आणि उधाण आलं. बांध कुठंतरी फुटला होता. पाणी चढलं, वाफे बुडाले, आणि आई झोपलेलीच. "चांदना पडला होता गो, टिपूर. पानी बाजेखाली शिरला. आन बाज हलूच उचलली. तरंगाला लागली..."

"झालं!" केतकी म्हणाली. मशिनातून टिंग असा आवाज आला. "अडतीस मिनिटं."

हे उठले, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. मी भाकऱ्यांचं फडकं उचललं. केतकीनं पर्स खांद्याला लावली. खोली अशी एकदम रिकामी झाली की पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. हिराबाय पडद्याकडेच बघत होती.

"झाला? इतक्यात?"

केतकी मनानं फार चांगली आहे. तिनं आपला तो चमकदार पेनड्राइव्ह काढून हिराबायपुढे धरला. "आजी, हा तुम्हाला ठेवा. मी दुसरा घेईन. ह्यानं कुठलंही मशीन पटकन होईल."

हिराबायनं कमरेची पिशवी सोडली. आतून एक छोटं पाकीट काढलं. तसाच पेनड्राइव्ह, प्लॅस्टिकमध्ये बंद, फोडलेलाही नाही.

"नातवान दिलान. दोन वर्सा झाली. लय जोरान पलतं म्हने."

"मग आजी, तुम्ही वापरत का नाही?"

हिराबायनं पाकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिला हे सांगायचं नव्हतं, मला दिसत होतं. पण विचारलं की उत्तर देणारी बाई ती.

"लवकर झाला तं घरा जावाला लागतं ना गो."

 गॅलरीत पाण्याची धार थांबली होती.

केतकीनं पर्स खांद्यावरून उतरवून टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून मशिनासमोर बसली, सेटिंगमध्ये कुठंतरी जाऊन काहीतरी दाबलं. पडद्यावर एक लांबच लांब यादी आली.

"आजी, नुसती सिस्टिम पडलीय. अपडेट्स सगळे बाकी आहेत अजून."

"किती वेल?"

"ते काही सांगता येत नाही," केतकी म्हणाली. "लागेल वेळ."

ती यादी खरी किती वेळाची होती, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. हे झारी हातात घेऊनच आत आले आणि हिराबायच्या शेजारी, चक्क जमिनीवर, बसले. आमचे हे! म्हणाले, "बाज कुठवर गेली?"

"सांगतंय ना," हिराबाय म्हणाली, आणि तिनं पुन्हा पाय पसरले.