चिंधीचा स्पीड

रोडपालीच्या मंडळानं यंदा फुटबॉलची स्पर्धा टीव्हीवर, व्हिडिओ गेममध्ये घ्यायचं ठरवलं. कारण सरळ होतं. मैदानात टॉवर उभा राहत होता. टॉवर मंडळाचे अध्यक्ष कमळाकरशेठ यांचाच असल्यामुळे त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, आणि ज्याची होती त्याला कार्यकारिणीत घेतलं होतं.

फायनलला दोघं आले. एक शेठचा पुतण्या प्रणित. दुसरी रंजिता, नववीत शाळेला रामराम ठोकलेली वाडीवरची पोर. जिंकणाऱ्या टीमच्या कॅप्टनचं नाव कळंबोलीच्या नाक्यावर फ्लेक्सवर लागणार होतं. आता गेममध्ये आपल्या मनानं खेळाडू बनवता येतो. रंजितानं कॅप्टन बनवली होती चिंधी. दहा नंबरची जर्सी, केसांचा अंबाडा, स्पीड नव्याण्णव. चिंधी हे तिच्या आईचं नाव. आजवर ते मुकादमाच्या शिवीला जोडूनच ऐकू यायचं. एकदा तरी ते नाक्यावर, लाइट मारलेलं दिसावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सेमीफायनलला चिंधीनं अख्खी टीम कापून गोल मारला, तसा प्रणित शेठकडं गेला.

"काका, ह्ये रियल नाय."

शेठना रियल हा शब्द आवडायचा. त्यांच्या धंद्यात तो इस्टेटच्या आधी येतो. त्यांनी तिथल्या तिथं वास्तवता समिती नेमली आणि स्वतःच अध्यक्ष झाले. सचिव परेश, मंडळात सगळ्यात जास्त इंग्रजी बोलणारा.

"गेममध्ये काहीही करता येतं, म्हणून काहीही करायचं का?" परेश म्हणाला. "थोडी रिअॅलिटी मेंटेन करायला पाहिजे. ही चिंधी कोण?"

"माझी आय."

"फुटबॉल खेळते?"

"विटा वाहते. शेठच्याच टॉवरवर."

शेठ न्यायी माणूस. त्यांनी विचार केला. "डोक्यावर इटा घेऊन माळं चढते, म्हंजे स्टॅमिना हाय. स्टॅमिना ठेवा. पन स्पीड कमी करा. लेबर अशी पलाया लागली तर काम कोन करील?"

"आणि हेडिंग? डोक्यानं बॉल मारायचं?" परेशनं विचारलं.

"डोकं चालवायचं तिला काय काम?"

"डोक्यावरच तर सगळं चाललंय तिचं!" रंजिता भडकली. "आणि ह्या प्रणितला बाइकवरून उतरून दुकानापर्यंत चालवत नाही. त्याच्या टीमचा स्पीड का नाय कमी करत?"

"त्याचे प्लेअर फॉरेनचे आहेत," परेश शांतपणे म्हणाला. "त्यांना इथलं काही लागू करता येत नाही."

चिंधीचा स्पीड चाळीसवर आणला, हेडिंगचं वादात राहून गेलं. रंजितानं ठरावावर सही केली नाही, पण समितीला सहीची गरजही नव्हती.

फायनलच्या संध्याकाळी वास्तवता आणखी वाढली. गेममधला रेफरी बंद केला, कारण तो कोणाला ओळखत नव्हता. मग पाहुण्यांचा प्रश्न आला. आपल्याकडं कुठल्याही मैदानात पाहुणे आले की खेळ थांबतो, सत्कार होतो, मग पुढचा बॉल पडतो. ते नसेल तर कसली रिअॅलिटी? म्हणून पॉजचं बटण परेशकडं दिलं.

चिंधी रखडत रखडत गोलजवळ पोचली की पाहुणे यायचे. माजी उपसरपंच आले. पॉज. पतपेढीचे संचालक आले. पॉज. जिमवाल्या भाऊंचा सत्कार झाला, ते फोनवर बोलत बाहेर गेले, परत आले, परत सत्कार झाला. पाहुणे स्क्रीनवरच्या खेळाडूंपुढं शेकहँडला हात करून फोटो काढत. दोघा खेळणाऱ्यांनाही शाल-नारळ मिळाला. रंजिता खांद्यावर शाल, मांडीत नारळ घेऊन खेळत होती. पब्लिक टाळ्या वाजवत होतं.

शेवटच्या मिनिटाला स्कोअर बरोबरीत होता. कॉर्नर मिळाला. त्या क्षणी अख्ख्या पनवेल तालुक्यात सत्कार व्हायचा एकही माणूस शिल्लक राहिला नव्हता. बॉल वरून आला. चिंधीला पळायची गरजच नव्हती, ती जागेवरच होती. तिनं डोकं लावलं.

गोल.

समितीनं गोल नाकारला नाही. तो खरा वाटतो का, एवढाच मुद्दा होता. परेशनं माइक घेतला.

"उपस्थितांपैकी कोणी मजूर बाईला गोल मारताना प्रत्यक्ष पाहिलंय? त्यांनी हात वर करावा. कोणावर सक्ती नाही."

लोक प्रामाणिक होते. कोणी पाहिलं नव्हतं. एकच हात वर आला, मागच्या भिंतीजवळून, कोपरापर्यंत सिमेंट लागलेला. चिंधी कामावरून थेट आली होती.

"गोलाचं नाय म्हाईत, पन पळते मी," ती म्हणाली. "मुकादम मागं लागला की कशी पळते, इचारा त्याला."

हशा पिकला.

"नातेवाइकांचं मत धरता येनार नाय," शेठ पुतण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "नायतर उद्या जो तो आपल्याच मानसाची बाजू घील."

रंजिता उठली. नारळ घरंगळत परेशच्या पायाशी गेला. "पळताना नाय बघितलं, गोल मारताना नाय बघितलं, मग काय करताना बघितलंय हिला? बोला ना!"

काहीही करताना कोणी बघितलं नव्हतं.

आता वाचताच आहात, तर तुम्हालाही विचारायला हवं. ज्या भिंतीला टेकून बसला आहात, तिच्या विटा वाहणारीचं नाव काय?

असू द्या. हात खालीच ठेवा. गोल रद्द झालाय.